आलं नाही

आमच्या गाळ्यावर नवं गिऱ्हाईक आलं
की हमखास त्या ढिगाकडे बोट दाखवतं:
आलं काय भाव?
मी वहीतून मान वर न काढता सांगते,
आलं नाही. कोळिंजन आहे ते.
गवई घशासाठी चघळतात,
थाई लोक रश्श्यात घालतात.
गिऱ्हाईक पुढच्या गाळ्यावर जातं.

वाशीच्या मार्केटात अकरा वर्षं बिलं फाडतेय,
पहाटे साडेतीनपासून, शाल गुंडाळून.
नव्या मुंबईत कोण कशाची करी करतं
हे मला जेवायला न जाता कळतं.

पाम बीच रोडवरचं ते काचेचं हॉटेल
आठवड्याला गवती चहाची एकच जुडी नेतं,
सरबताच्या ग्लासात उभी करायला.
सीवूड्सवाला नेतो ढोबळी मिरची, बेबी कॉर्न.
आणि करी?
डब्यातून येते, त्याचा पोऱ्याच म्हणाला,
पाच किलोचा डबा, झाकणावर हत्ती.
खारघरला शेठच्या मुलाने एकदा पार्टी दिली.
हिरवी करी मागवली. आली
पालक-पनीरची मावसबहीण, गुळचट,
माहेरचं पनीर घेऊनच.
दोन घास खाल्ले
आणि सवयीने बिलाची बेरीज तपासली.

एकच खातं वेगळं होतं.
तांडेल, बेलापूर.
कोळिंजन अर्धा किलो, मंगळवारी आणि शुक्रवारी.
लिंबाची जोडपानं, देठ ताजे बघून.
वाटाण्याएवढी वांगी.
कोथिंबीर मुळांसकट, हे तो फोनवर दोनदा सांगायचा.
बाकीचे मुळांच्या वजनावरून भांडतात.
उधारी अठरा हजार सातशे चाळीस.

जा, वसूल करून ये, शेठ म्हणाले.
बाईमाणसाला नाही म्हणणार नाही तो.

दुपारचे तीन. शटर अर्धं खाली.
सहा टेबलं, चारांवर खुर्च्या उलट्या.
हर्षल तांडेल आठ वर्षं जहाजाच्या भटारखान्यात होता,
सोंगखलाच्या एका म्हाताऱ्याच्या हाताखाली.
तो बोलायचा नाही म्हणे,
चुकलं की पळीने बोटांवर मारायचा.
जमिनीवर त्याची आई दगडी खल पायांत धरून कुटत होती.
मिक्सरने तापतं, तो म्हणाला.
आणि जवळा? आमचाच, दिवाळ्याच्या जेट्टीवरचा,
मीठ लावून आंबवलेला.
म्हाताऱ्याने वास घेतला असता
तर आमच्या होडीचं नाव विचारलं असतं.

मी वही उघडली.
बस गो बाय, आई म्हणाली,
पैशांचं मंग बोलू. पयले जेव.

हिरवी नव्हतीच ती फारशी.
मळकट, शेवाळी, वर नारळाचं तेल फुटलेलं.
आधी काहीच झालं नाही.
मग माझ्या वहीतली एकेक ओळ
जिभेवर येऊन हजेरी देऊ लागली:
जोडपान, गवती चहा, ती मुळं,
ओठावर घाम,
आणि दाताखाली कोळिंजन.
अकरा वर्षं लिहिलं होतं, चावलं नव्हतं.
गंध्याच्या दुकानाचं बंद फडताळ
कुणीतरी धक्क्याने उघडावं, तसं.

यात पनीर नाही का, विचारतात लोक.
गोड करा म्हणतात.
हर्षल फडक्याने तेच टेबल तिसऱ्यांदा पुसत होता.
शुक्रवारचा माल पाठवाल ना?
मी ताट निपटत होते.
मान वर करायला धीर झाला नाही.

गाळ्यावर परतले तेव्हा
शेठचं बोट कॅलक्युलेटरवर तयार.
आलं का?

बोटांना अजून पानांचा वास होता.

आलं नाही, मी म्हटलं,
आणि शुक्रवारच्या पानावर तारीख घालून लिहिलं:
तांडेल, बेलापूर,
कोळिंजन अर्धा किलो.