आधी कंदील

हरिपुरात पेव उघडलं की
लगेच कुणी उतरत नाही.
तोंडावरची माती काढायची, बाजूला बसायचं, तंबाखू मळायची,
मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
वात तगली तर माणूस उतरतो.
विझली तर राहू दे हळद तिथंच, उद्या बघू.
बत्तीस वर्षं हमाली केली,
एवढं एक शास्त्र मला येतं.

धैर्यशीलला ताप आला तेव्हा
कंदील सोडायचा राहिला.

गडचिरोलीच्या पुलाच्या कामावरून परतला होता.
एक दिवसाआड हुडहुडी,
तीन वाकळा, वर मी आडवा पडलो
तरी खाट वाजत होती.
कोरे मॅडमनी बोट टोचलं, काचेवर थेंब पुसला,
भिंतीवर गेरूनं तारीख टाकली
आणि चौदा दिवसांच्या गोळ्या मोजून दिल्या,
जशा सगळ्यांना देतात.
त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी पोरगं मोरीतनं ओरडलं,
मामा, हे बघा.
कोऱ्या चहासारखी लघवी.
डोळे कधी पिवळे झाले कळलंच नाही.
आमच्या घरात पिवळं कुणाच्या लक्षात येतं?
उशा पिवळ्या, नखं पिवळी,
पगाराच्या नोटासुद्धा.

मिरजेत डॉक्टर पटवेगारांनी
केसपेपर उलटा करून चित्र काढलं.
तांबड्या पेशीला एक राखणदार असतो,
याच्या रक्तात ती जागा जवळजवळ रिकामी.
गोळी तापाच्या मागं गेली
आणि पेशीच फुटल्या, एकामागं एक.
मी म्हटलं, म्हणजे पेवच फुटलं.
ते हसले नाहीत. तसंच, म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, आईकडे कुणाला असं?
बापाकडून सातबारा येतो,
हे आईकडून येतं,
कुठल्या उताऱ्यावर नोंद नाही.
बायका वाहून आणतात, त्यांना बहुधा कळतही नाही,
फुटतं ते पोरांत.
आक्का पदराचं टोक पिळत बसली.
ओटीतल्या तांदळाबरोबर
आपण हेही बांधून आणलं,
हे तिला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

माझंही बोट टोचलं.
माझ्यातही ती जागा तशीच.

रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर
सर्जा आठवला.
कालव्याच्या कामावरची आमची झोपडी,
तो दहाचा, मी आठचा,
तो तालमीत जाणारा, मी नुसता काटका.
एकाच आठवड्यात दोघांना हिवताप.
पाचव्या दिवशी तो गेला.
सहाव्या दिवशी मी उठून भाकरी मागितली.
आई मरेपर्यंत माझ्याकडं तसं बघायची,
जणू त्याच्या वाटणीचं काहीतरी
मी खाल्लंय.

डॉक्टर म्हणाले, असं मानतात,
अशा रक्तात त्या तापाचं बस्तान नीट बसत नाही,
म्हणून तर तापाच्या मुलखात
ही उणीव पिढ्यान् पिढ्या टिकली.
तुमच्या बाबतीत तसंच झालं, हे मी सांगू शकत नाही.
नका सांगू, म्हटलं.
राखणदार नव्हता
म्हणून चोरालाही करमलं नाही.
असलं गणित साठीत मांडून
कुणाला दाखवू?
आई असती तर
तिला तरी सांगितलं असतं.

धैर्यशीलला दोन बाटल्या रक्त चढलं,
कुणाचं ते कळलं नाही.
आता खिशात कार्ड ठेवतो,
चालणाऱ्या नि न चालणाऱ्या गोळ्यांचं,
मोटरसायकलच्या कागदांत घडी करून.

काल पलूसला गेलो,
त्याच्या बहिणीकडं. स्वप्नालीला सातवा चालू आहे.
म्हटलं, पोरगा झाला तर
आधी टाच टोचून बघायला सांग.
आणि ट्रंकेतल्या लुगड्यात लगेच गुंडाळू नका,
डांबरगोळ्या तर घरातच नकोत.
तिनं सगळं मोबाईलवर लिहून घेतलं,
शुद्धलेखन विचारत विचारत.
आतून सासूनं हाक दिली,
मामा काय घेऊन आलेत गं?