मोजा

डुलुथच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये, सहा नंबरच्या ड्रायरसमोर
मार्लिस टोलेफसन गणित सोडवतेय.
परीक्षा परवा. वय एकेचाळीस.

एकशेवीस जणांपैकी सत्तर हॉकी पाहतात,
पासष्ट जण गोठल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतात,
तीस जण दोन्ही.
यातलं काहीच न करणारे किती?

सत्तर आणि पासष्ट, एकशे पस्तीस.
माणसांपेक्षा माणसं जास्त!
पहिल्यांदा ती इथेच अडली होती,
पेन्सिल चावत, की गाव वाढलं कुठून.

आता ठाऊक आहे.
मधल्या बदामात उभे असलेले ते तीस
दोन्ही वर्तुळांनी आपलेच म्हणून धरलेत.
एकदा वजा करायचे. एकदाच.
दोनदा केले
तर बिचारे कुठेच उरत नाहीत.

ड्रायर थांबतो.
घड्या घालता घालता हाती येतो
एकच मोजा, हिरवा, टोबीचा.
दुसरा असणार टेकडीवरच्या घरी,
त्याच्या बापाकडे, जिथे तो बुधवारपासून असतो.
दोन टूथब्रश, दोन उशा,
शाळेच्या फॉर्मवर दोन पत्ते,
आणि पोरगा नऊ वर्षांचा, एकच.
कोणत्या घरातून वजा करायचा, हे सूत्र सांगत नाही.

उत्तर पंधरा.
ती गोल काळा करते, कडेबाहेर न जाता.
ना हॉकी, ना मासे; पंधरा माणसं
दोन्ही वर्तुळांबाहेर, पण चौकटीच्या आत.
गुरुवारी रात्री ती काय करत असतील?

समोरचा म्हातारा नाणी मागतो.
ती पर्स उघडते,
चार नाणी देते,
आणि मोजा आत ठेवते.