कोऱ्या आभाळाचे तीस फोटो

पौषात हर्णैच्या सड्यावर
रात्री अकरानंतर दव उतरतं.
चहा गाळताना चष्मा धुरकटतो तसं,
नेमकं कधी ते कळत नाही.
कातळ घामेजतो, बॅटरीची वायर हाताला ओली लागते
आणि मृगाच्या तलवारीतला तो धूसर ठिपका
पडद्यावर विरघळू लागतो.

पहिल्या वर्षी मी काच पुसत बसायचे.
पुसली की दोन मिनिटं,
मग पुन्हा मोतीबिंदू.

नियाझ पेवेकर बर्फाच्या फॅक्टरीत कॉम्प्रेसर बघायचा,
त्याला दव शिकवावं लागलं नाही.
"काच आपली ऊब आभाळाला देऊन टाकते, मॅडम,
आणि आभाळ काही परत करत नाही.
तिला थोडं कमी आभाळ दाखवा."

आधी पोफळीची विरी झाली,
गुंडाळून, आतून काजळी फासून, सुतळीनं बांधून.
दोन रात्रींत तीच दव पिऊन उलगडली.
नियाझ इतका हसला की ट्रायपॉड हलला;
त्या फोटोतला प्रत्येक तारा
आजही जोडीनं आहे.
मग फॅक्टरीतल्या गार नळ्यांवरचं काळं फोम आलं,
उरलेला तुकडा, काचेच्या दीडपट लांब.
अमोनियाचा वास अजून येतो, थोडा.
त्याच्या आत काच रात्रभर कोरडी राहते,
विहिरीच्या तळाशी बसल्यासारखी.

चारच्या सुमारास मृग समुद्राकडे झुकतो.
तिथे एलईडीवाल्या बोटी.
म्हावऱ्यासाठी त्यांनी पाण्यावर दिवस पाडलेला,
फोटोची एक कड दुधाळ.
त्यावर माझ्याकडे औषध नाही.
आहे ते फक्त माझ्या स्वतःच्या डागांवर.

त्यासाठी उजाडायची वाट बघायची.
फोकस हलवायचा नाही, कॅमेरा फिरवायचा नाही,
फोमची नळी जागच्या जागी,
आणि तिच्या तोंडावर माझा लॅबचा अ‍ॅप्रन
दुहेरी, ताणून, एक सुरकुती नको,
पाठीचा भाग; खिशावर जांभळ्या औषधाचा डाग आहे.
मग सह्याद्रीमागून तांबडं फुटायच्या आत
डोक्यावरच्या राखी आभाळाचे तीस फोटो,
ज्यांत काहीच नाही.

मोहरावर फवारणी करायला निघालेले बुरोंडकर
पंप टेकवून थांबतात.
"रातभर तारे व्हते तवा ठीक.
आता कसले फोटो काढताव?"
काचेचे, मी म्हणते.
ते मान डोलावतात,
वेड्यापुढे डोलवावी तशी.

आरोग्य केंद्रात मी रोज हेच करते.
रक्ताआधी नुसतं रसायन ठेवते यंत्रात,
त्याला सांगते, हे शून्य धर.
मग माणसं.

संगणकावर कोरा फोटो ताणला
की सगळं वर येतं.
कोपऱ्यांतला अंधार,
सेन्सरवरच्या धुळीची बारकी कडी,
फिल्टरवरच्या धुळीची मोठी;
धूळ जितकी लांब तितकं कडं मोठं, आणि फिकट.
उजवीकडे खाली एक लांबट ढगळ डाग.
त्याला रेघा नाहीत,
तरी मी ओळखते. नियाझचा अंगठा.
शिमग्याच्या आसपास फिल्टर बसवताना लागला,
जूनमध्ये तो सलालाला गेला,
तिथल्या कोल्ड स्टोरेजमध्ये.

रात्रीच्या फोटोला या कोऱ्यानं भागायचं.
कडी जातात, कोपरे उजळतात,
तेजोमेघ काळ्यात शेवटपर्यंत विरत जातो,
अंगठ्याच्या जागी तीन बारीक तारे निघतात.
फोटो मी त्याला पाठवते.
तो उत्तरादाखल अंगठा पाठवतो.

फिल्टर पुसायचं द्रावण कपाटात आहे,
मऊ कागदही.
पुसला तर जुने हिशेब मोडतील,
असं मी स्वतःला सांगते,
जसं काही दर पहाटे नवे काढत नाही.

पावणेआठ.
फोम मनगटात अडकवून सडा उतरते,
केंद्राच्या पायरीवर अ‍ॅप्रन घालते.
पाठीकडून अजून ओला.