दोन पांढरे

महापालिकेची निवडणूक लागली की
धोबी आळीतल्या आमच्या दुकानात
कांजीचं पातेलं रात्रीही उतरत नाही.
एकेका उमेदवाराचे अकरा-अकरा कुर्ते,
सगळे पांढरे, सगळ्यांना सकाळी सहाला हवेत.
कॉलरच्या आत आई शाईनं
प्रभागाचा आकडा लिहिते. पक्ष लिहीत नाही.
म्हणते, तो धुण्यागणिक बदलतो.

ग्रेशियस सर त्यांची एकुलती सुती पँट घेऊन आले.
तलावपाळीच्या चर्चमध्ये, वेदीपाशी घंटा वाजवता वाजवता
लहानपणी कानावर पडलेलं लॅटिन
अजून त्यांच्या खिशात सुट्ट्या पैशांसारखं खुळखुळतं.
ढिगाकडे बघून म्हणाले,
कॅन्डिडेट म्हणजे मुळात कोण, माहितीये?
कांदिदातुस. पांढरा केलेला.
रोममध्ये मतं मागायला निघालेला माणूस
अंगावरच्या वस्त्राला खडू चोळायचा,
गर्दीत लांबून उठून दिसावं म्हणून.

आई म्हणाली,
म्हणजे त्यांनाही परीट लागायचा.

पुढे खडू झडत गेला, सर सांगत होते.
इंग्रजीत शब्द रुळला तोवर वस्त्र कुठेच नव्हतं,
उरलं होतं नुसतं मागणं.
आता ही तुमची पोरगीसुद्धा कॅन्डिडेट,
हॉलतिकिटावर छापलंय बघा.
त्याच पांढऱ्यातून निघालेला दुसरा एक शब्द
पोटात काही न ठेवता बोलणाऱ्यासाठी आहे.
सख्खे भाऊ दोघं.
हल्ली एकमेकांकडे जाणं-येणं नाही.

शिवाय लॅटिनमध्ये पांढरे दोन,
एक मंद, एक झळझळीत.
आईला याचं नवल वाटलं नाही.
तिच्याकडेही दोन आहेत,
नीळ दिलेला, न दिलेला.
तिसऱ्याबद्दल ती बोलत नाही:
बाबा गेल्यावर आत्यानं आणलेली साडी,
घडी न मोडता माळ्यावर टाकलेली.

यंदा आमची जागा महिलांसाठी राखीव निघाली.
दोघं जण येऊन गेले.
वहिनी, उभ्या राहा. बाकी सगळं आम्ही बघू.
तुम्ही फक्त सही करा.
आणि फोटोला पांढरी साडी नेसा,
तुम्हाला… म्हणजे, शोभेल.
आईनं बोटं ओली करून इस्त्रीवर शिंपडली.
चर्र झालं.
ते चपला शोधायला लागले.

रात्री मी तिला म्हटलं,
आपला शब्द वेगळा आहे गं. फारसीतून आलाय.
उमेदवार, उमेद असलेला.
त्याला रंगच नाही.

ती काही बोलली नाही.
स्टुलावर चढली, माळ्यावरून ती साडी काढली,
चौपदरी करून इस्त्रीच्या टेबलावर अंथरली
आणि कोपऱ्यात, तापलेली इस्त्री
नको तेवढा वेळ टेकवून धरली.
तपकिरी होडी उमटली.

मग म्हणाली, फॉर्म कुठे मिळतो ते उद्या बघून ये.
आणि सातच्या प्रभागाचे कुर्ते उलट बाजूनं वाळत घाल,
अजून ओले आहेत.