प्रश्न सतरावा

सुव्याची दमट दुपार, नांबुआची लष्करी वसाहत.
अठ्ठाविसाव्या घरात मी चटईवर बसले आहे,
मांडीवर कागद. वर जाड अक्षरात
'चिवटपणाची मोजपट्टी'.
समोर वासेमाथा केवड्याची पानं
शिंपल्यानं घासून मऊ करते,
मग अंगठ्याच्या नखानं चिरते, एका मापाच्या पट्ट्या.
नवरा गोलानच्या टेकडीवर
दुसऱ्यांच्या देशांमधली रेघ राखतोय.
आठ महिने झाले.

'संकटानंतर आमचं कुटुंब लवकर सावरतं,' मी वाचते,
'शून्य ते चार.'

'लवकर म्हणजे किती?'

ते कागदावर नाही.

'मार्चच्या वादळानं पत्रा नेला,
पाचव्या दिवशी मीच बसवला. तो धरायचा?
आपेनिसा, साडेसहा वर्षांचा घोडा,
अंथरूण ओलं करायला लागला.
जूनमध्ये थांबला.
मग बाप फोनवर म्हणाला, मुदत वाढली,
आणि त्याच रात्री पुन्हा.
हे एक संकट की दोन?'

मनात येईल तो आकडा सांग, मी म्हणते.

'कागद कोण वाचणार?'
त्यावर नाव नसतं.
'घर क्रमांक असतो.'
असतो.
'मग तीन लिही.
चार लिहिलंस तर म्हणतील, हिला काही नको.
दोन लिहिलंस तर इलिसोनीच्या बढतीच्या वेळी
नेमकं कुणाला तरी आठवेल.'

मी तीन लिहिते. माझ्या हाताखालच्या सत्तावीस घरांनीही
बहुतेक तीनच लिहिलंय.

इतक्यात बाहेर लष्कराची गाडी हळू झाली.
दारापाशी. इंजिन चालूच.
वासेमाथाचं नख पानात होतं तिथंच थांबलं.
तिनं दाराकडे बघितलं नाही. मी बघितलं.
दोन माणसं उतरली, गणवेशातली,
मागचं फळकूट पाडलं
आणि शेजारच्या ओट्यावर
गॅसचा सिलिंडर दाणकन ठेवला.

गाडी गेली.
अकरा सेकंद.
सवयीनं मी मोजले होते,
लिहायला रकाना नव्हता.

पान तेवढ्यात वाकडं चिरलं गेलं होतं.
तिनं ते उजेडात धरलं,
फेकलं नाही, बाजूला ठेवलं.
'कडेला दुमडलं की दिसत नाही,' म्हणाली.
'अठरावा विचार.'