टी. डी. एस. कोण?

वसमतच्या स्टँडवर उतरले तेव्हा
आत्या पासबुक पदराखाली धरून उभी होती,
शाळेतली उरलेली खिचडी आणायची आमच्यासाठी
तशी, कुणाला दिसू नये म्हणून.

चहा येईस्तोवरही थांबली नाही.
छापलेल्या ओळीवर बोट, हळदीनं नख पिवळं:
"ह्यो टी. डी. एस. कोण गं?
चार हजार नऊशे नेलेत त्यानं माव्हे."

डेपोत सगळे आद्याक्षरांवरच ओळखले जायचे.
मामा तिथं एम. आर., कंट्रोलर के. बी.,
कँटीनवाला एस. पी.
तिनं दोन रात्री सगळी माणसं आठवून पाहिली.
टी. डी. सोनकांबळे होते एक,
पण ते भले, परतूरला बदलून गेले,
अन् मामांच्या दहाव्याला उलट
पाचशेची नोट ठेवून गेले होते.

मी म्हटलं, तो माणूस नाही. कर आहे.
व्याजावरचा.
"कामून?"

माझ्याकडे उत्तर होतं, कायद्यातलं.
सात लाखांची ठेव, मामांच्या फंडाची,
वर्षाचं व्याज एकोणपन्नास हजार,
बँकेची मर्यादा चाळीस,
अन् पंधरा-जी नावाचा कागद दिला नाही
की मशीन आपोआप दहा टक्के कापतं.
मशीनला कुठून कळणार
की ही बाई दीडशे लेकरांची खिचडी रांधते
अन् महिन्याचे अडीच हजार
कधी दिवाळीला मिळतात, कधी दिवाळी झाल्यावर.

"मंग मला भरायचा किती?"
शून्य.
"शून्य," ती म्हणाली, अन् चहा बशीत ओतला.
"मंग नेले कामून?"

रात्री लॅपटॉप गव्हाच्या कोठीवर ठेवला.
पॅनवर सोजराबाई, आधारवर सोजरबाई.
एका कान्यापायी तीन चकरा अन् पंधरा दिवस.
"बापानं ठेवलं ते सोजर," ती म्हणायची,
"बाकीचं ह्यांनीच जोडलं."

मग वेबसाइटनं ओटीपी मागितला.
आधारला नंबर कुणाचा आहे, आत्या?

ती उठली. बोर्डाच्या खिळ्याला लटकवलेला
मामांचा बटणांचा फोन चार्जरसकट काढून आणला.
दोन वर्षं दर महिन्याला रिचार्ज करायची,
अन् धाकटा दीर दर महिन्याला बोलायचा:
गेलेल्या माणसाला कोण फोन करणार आहे, वहिनी?

मी बटण दाबलं.
फोन तिच्या तळहातावर थरथरला.

तिनं लगेच पाहिलंच नाही.
मग एकेक आकडा वाचू लागली, हळू,
लांबून कुणी सांगतंय अन् मधे वारा आहे असं.
मी म्हटलं, लवकर, दहा मिनिटांत संपतो.
"कोण?"
नंबर, आत्या. नंबर.

पैसे पोळ्याच्या आदल्या दिवशी आले.
मेसेजही त्याच फोनवर.
पाच हजार वीस.
"वरचे एकशेवीस कुणाचे?"
तुझेच. सरकारनं तुझे पैसे ठेवले, त्याचं व्याज.
ती हसली, तोंडावर पदर धरून, दार लोटून हसली.
मग एकदम गप्प.
"त्याच्यावरबी कापतेन का?"

एप्रिलात आम्ही बँकेत गेलो, कागद आधीच द्यायला.
साहेबांनी मान वर न करता खूण केली, इथं सही.
तिनं सोजर लिहिलं. थांबली.
माझ्याकडे पाहिलं, अन् कार्डावर होतं तसं
काना मोजून पुढचं जोडलं.

पायऱ्या उतरताना म्हणाली,
"दर सालाला द्यावं लागतंय हे?"
दर वर्षी.
"म्हंजी दर सालाला येऊन सांगायचं
की माव्हं कमीच हाय?"
मी काही बोलले नाही.
"एकदा सांगितलेलं त्यांच्या ध्यानात ऱ्हात न्हाई व्हय,"
ती म्हणाली,
अन् रिक्षावाल्याशी पाच रुपयांवरून
भांडायला लागली.