तिपाईऐवजी मूग

वेलजीभाईंचा इलेक्ट्रॉनिक काटा दुरुस्तीला गेलाय,
म्हणून त्यांनी माळ्यावरचा जुना तराजू काढला
आणि मी त्यात माझी लांब लेन्स ठेवली.
अर्धा किलो. दोनशे. पन्नास.
पारडी समोरासमोर आली तेव्हा म्हणाले,
“ताई, भाव काय लावू?”

विक्रोळी ते हंपी.
जमलं तर पुढे रामेश्वर.
सायकलवर, एकावन्नाव्या वर्षी.
फिलोमिना डाबरे वसईहून रोज रात्री फोन करते :
“सपाटीवर वजन गप्प बसतं गं,
आंबोलीच्या चढावर एकेक ग्रॅम
बापाच्या नावासकट ओळख सांगतो.”
तिनं चष्म्याची डबी घरीच ठेवलीय,
चष्मा मोज्यात घातलाय.
मला विचारते, “तू काय टाकलंस?”

मी अजून काहीच टाकलेलं नाही.
चादरीवर मांडून बसलेय :
कॅमेरा, तीन बॅटऱ्या, चार्जर,
रुंद लेन्स, लांब लेन्स,
पन्नासची बुटकी लेन्स, जी कोणी मोजतच नाही,
आणि पावणेदोन किलोची तिपाई,
पाय दुमडून, पाहुण्यासारखी.

लांब लेन्स स्वेच्छानिवृत्तीच्या पैशांतली पहिली खरेदी.
शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगोंसाठी घेतली,
मग माणसांवरही रोखायला लागले.
गच्चीवर पापड वाळवणारी,
धक्क्यावर जाळं विणणारा,
कोणाला पत्ता लागत नाही.
चोवीस वर्षं टेलिफोन खात्यात तक्रारी घेतल्या मी.
लाइन डेड आहे, खरखर येतेय,
बाई, आई आजारी आहे हो, जरा लवकर बघा.
इतके आवाज,
चेहरा एकाचाही नाही.
लांबून बघायची खोड तिथलीच असेल.
किंवा नसेलही. भित्री मी आधीपासूनच.

बोरा बाजारात हातिमभाईंनी लेन्स उजेडात धरली.
“दिसतं का?”
काचेच्या आत, कडेला,
पांढऱ्या धाग्यांचं एक झुडूप.
“बुरशी. तुम्ही हिला जपून ठेवता ना?
कपाटात, मऊ कापडात?
मुंबईत जपलेलं असंच सडतं.
धूळ बसली तर फुंकर मारता येते, बाई,
हिला फुंकर लागत नाही.”

वडाळ्यापर्यंत ते वाक्य माझ्या मागे सीटवर बसून आलं.
त्याचं वजन मात्र करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी परत गेले, लांब लेन्स त्यांच्याकडेच ठेवली.
म्हणाले, “साफ करतो. रोज ऊन दाखवीन.
सावकाश या.”

म्हणजे उरली पन्नासची.
तिला पुढे-मागे होता येत नाही,
चेहरा मोठा हवा तर आपण चालत जायचं,
सायकल स्टँडला लावून, घामेजलेल्या अंगानं,
आणि समोर उभं राहून विचारायचं,
“काढू का फोटो?”
काल आरशासमोर म्हणून पाहिलं.
आवाज अगदी तक्रार नोंदवणाऱ्या बाईचा आला :
काढू का फोटो, आपला नंबर सांगा.
कोणी नाही म्हटलं तर?
फिलोमिना म्हणते, “तर पाणी माग. पाण्याला कोण नाही म्हणतं!”

तिपाईचं काय?
जुन्या परकराची पिशवी शिवलीय, वीतभर,
तिच्यात मूग भरायचे, तोंड शिवायचं,
कठड्यावर, दगडावर, देवळाच्या पायरीवर ठेवायची,
कॅमेरा तिच्यात कोंबडीसारखा रुतून बसतो.
“आणि मुक्कामाला काहीच मिळालं नाही तर?”
“तर तिपाई शिजवू,” मी म्हटलं.
फोनवर फिलोमिना इतकी हसली
की मला जुनी खरखर आठवली.

आता पुन्हा वेलजीभाईंच्या दारात उभी आहे,
हातात रिकामी पिशवी.
त्याच पारड्यात, लेन्स होती तिथे,
ते अर्धा किलो मूग ओततायत.
“सालाचे देऊ की बिनसालाचे?”

मी बराच वेळ विचार करते.
मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळतायत.
“वेलजीभाई,
भिजवल्याशिवाय लवकर शिजतील, असे द्या.”